पेटीतली चिठ्ठी

देवगड तालुक्यातल्या माझ्या आजोळी, घराच्या मागच्या अंगाला विहिरीला (मालवणीत ‘बांय’) लागून एक जुनं रायवळ आंब्याचं झाड आहे. मे महिन्यात रात्री वारा सुटला की पडवीच्या पत्र्यावर धपाधप आवाज येत राहतात आणि सकाळी दार उघडावं तर अंगणभर सडा. फळ मुठीत मावेल एवढंच. आत धागे खूप, पण रस असा गोड की बोटं एकमेकांना चिकटतात. लहानपणी आम्ही मामे-मावस भावंडं बादलीत आंबे भिजत घालून विहिरीच्या काठावर बसायचो आणि देठाकडून तोंड लावून चोखायचो. कोणी किती खाल्ले ते कोयी मोजून ठरायचं.

आता सुट्टीत तिथं जमणारी पोरं उरली नाहीत. मामा सकाळी हिराच्या केरसुणीनं सडा गोळा करतो, टोपल्या भरतो आणि माडाच्या आळ्यात नेऊन ओततो. दुपारपर्यंत तिथं माश्या घोंघावू लागतात.

त्याच अंगणापासून वीस पावलांवर हापूसची कलमं सुरू होतात. तिथं एकेक फळ झेल्यानं उतरवतात, तेही देठ राखून. देठ मोडला तर चीक ओघळतो आणि सालीवर काळा डाग पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं त्यासाठी खास ‘नूतन झेला’ काढला, फळ देठासकट कापून जाळीत झेलणारा. उतरवलेलं फळ कोणी टाकत नाही, ठेवतात. उन्हात राहू देत नाहीत. तान्ह्या बाळाला उचलावं तसं ते क्रेटमधून माच्यावर आणि माच्यावरून पेटीत जातं.

एकाच मातीतली, एकाच पावसावर वाढलेली दोन झाडं. एकाची फळं मोजून, निवडून मुंबई-पुण्याला जातात आणि दुसऱ्याची माडाच्या आळ्यात. हापूस मुळातच उजवं फळ आहे, यात शंका नाही. त्याचा गर घट्ट असतो, धागा नसतो, पिकल्यावरही तो चार दिवस दम धरतो. पण तेवढ्यानं माझं समाधान होत नाही. गेली काही वर्षं मी पुण्यात मामाचे आंबे विकते आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. आंबा झाडावर अर्धाच तयार होतो. उरलेला अर्धा तो कलमापासून खाणाऱ्याच्या ताटापर्यंतच्या वाटेवर तयार होतो. ती वाट बांधण्याच्या कामाला सरकारी भाषेत पणन म्हणतात, कॉलेजात विपणन आणि बाकी सगळे मार्केटिंग.

हा शब्द आमच्या घरात चांगल्या अर्थानं कधी उच्चारला गेला नाही. ‘बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचे गहू खपत नाहीत’ ही म्हण आजी बोलणाऱ्यांवर रागावून म्हणायची. विकणं म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणं. आपण पिकवायचं, कष्ट करायचे आणि विकायचं काम दुसऱ्या कोणीतरी. स्वतःच्या बागेतला आंबा घेऊन कोणाच्या दारात जायचं, याचा मामाला मनापासून संकोच वाटायचा. कोकणात हा संकोच अनेक घरांत आहे. त्याची किंमत किती मोजावी लागली हे मला फार उशिरा कळलं.

मामाचा माल वर्षानुवर्षं वाशीला जायचा. संध्याकाळी पेट्या ट्रकवर चढायच्या आणि पहाटे बाजारात पोचायच्या. तिथले सौदे रुमालाखाली व्हायचे. दोघांचे हात कापडाखाली, बोटांच्या खुणांनी भाव आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांना पत्ता नाही. आठ-पंधरा दिवसांनी घरी ‘पट्टी’ यायची. पातळ कागदावर इतक्या पेट्या, हा भाव, त्यातून हमाली वजा, भाडं वजा, दलाली वजा आणि खाली उरलेला आकडा. एका वर्षी तो आकडा इतका लहान होता की मामीनं पट्टी दोनदा उलटून पाहिली. मागच्या बाजूला काहीच नव्हतं.

दलालाला शिव्या देणं सोपं आहे आणि आमच्या घरानंही त्या भरपूर दिल्या. पण त्यानं काय केलं हेही बघायला हवं. मोहोर यायच्या आधी फवारणीला पैसे लागायचे तेव्हा उचल त्यानंच दिली. एका रात्रीत हजारो पेट्या उतरवून घेणं आणि सकाळी दहाच्या आत त्यांना गिऱ्हाईक शोधून देणं हे खायचं काम नाही. आंबा थांबत नाही, दोन दिवस गेले की त्याची किंमत निम्मी होते. तेव्हा दलाल फळ पोचवत होता. ते काम खरं होतं आणि त्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा होता. फक्त त्या वाटेनं फळ पुढं जायचं, पण मागं काहीच यायचं नाही. कोणी खाल्लं, आवडलं का, फळ आंबट निघालं का, पेटी मोठी पडली का, यातलं अक्षरही देवगडला पोचत नव्हतं. पट्टीवर भाव असायचा, माणूस नसायचा. चाळीस वर्षं आंबा पिकवणाऱ्या माझ्या मामानं स्वतःचा आंबा विकत घेणारा माणूस कधी पाहिला नव्हता.

२०१६ साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि अडत, म्हणजे दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. कागदावर दार उघडलं, पण मामा उंबऱ्यातच उभा राहिला. तो बाहेर पडला २०२० मध्ये. तेव्हा दुसरा इलाजच राहिला नव्हता.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात टाळेबंदी लागली आणि झाडावर चौदा आणे तयार झालेला आंबा लटकत राहिला. (तयारी अजूनही आण्यांतच मोजतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पिकलेला. लांब पाठवायचा तर चौदा आण्यांवर उतरवायचा.) गाड्या मिळेनात, बाजार कधी चालू तर कधी बंद. मामाचा फोन आला. रडका नव्हता, पण त्यात एक रिकामेपण होतं. मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळी टाकल्या: माझ्या मामाची बाग आहे, आंबा उतरवायला आलाय, कोणाला हवा आहे का? तासाभरात १९ पेट्यांची मागणी आली, रात्रीपर्यंत ५३. त्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या फाटकांवर असे टेम्पो उभे राहिले. शेतकरी आणि खाणारा, दोघंही तोंडाला फडकं बांधून पहिल्यांदा एकमेकांसमोर आले.

मला वाटलं, झालं की! मधले लोक गेले, काम फत्ते.

पाचव्या दिवसापासून फोन सुरू झाले.

एकीनं पेटी आली तशी सगळी फ्रीजमध्ये ठेवली होती. कच्चा आंबा तेरा अंशांच्या खाली गेला की त्याचं पिकणंच बिघडतं. साल सुरकुतते, काळपट पडते आणि आत चव धरत नाही. तिचे पाच डझन आंबे तसेच गेले. दुसऱ्या एका गृहस्थांनी तिसऱ्या दिवशी हिरवा आंबा कापला आणि ‘आंबट माल पाठवलात’ म्हणून मला फैलावर घेतलं. तिसऱ्या घरी दोघंच जण, नवरा-बायको, दोघांचं वय सत्तरीपुढचं. त्यांची अख्खी पेटी एकदम पिकली. खाऊन खाऊन किती खाणार? त्यांनी वाटून टाकली आणि मला म्हणाले, “बेटा, आंबा सुरेख होता हो, पण आमच्यासाठी नव्हता.”

त्या वाक्यानं मी बरेच दिवस अस्वस्थ होते. आंबा तोच. मामाचे कष्ट तेच. शेजारच्या बिऱ्हाडात त्याच पेटीनं घर आनंदलं होतं आणि इथं तिचं ओझं झालं होतं. म्हणजे फळात गुण असणं वेगळं आणि ते फळ एखाद्या घराच्या उपयोगी पडणं वेगळं. मधलं अंतर कोणीतरी चालून जायचं असतं. पूर्वी ते आपोआप चालून व्हायचं. माझ्या लहानपणी घरात अकरा माणसं होती आणि पलंगाखाली भाताच्या पेंढ्यात अढी लावलेली असायची. आजी रोज संध्याकाळी गुडघे टेकून हात आत घालायची, वासावरून आणि अंगठ्याच्या स्पर्शावरून पिकलेला आंबा बरोबर बाहेर काढायची. पाच डझनांची पेटी त्या घरासाठी आणि त्या आजीसाठी बनलेली होती. आता घरात तीन माणसं, पलंगाखाली बॅगा आणि आजी नाही. पेटी मात्र तीच राहिली होती.

तेव्हा आम्ही तीन गोष्टी बदलल्या. त्यातली पहिली मला सर्वांत प्रिय आहे.

मी एक चिठ्ठी लिहिली. पोस्टकार्डाएवढा कागद, हातानं लिहून झेरॉक्स काढलेला. ‘पेटी आल्याबरोबर उघडा, आंब्यांना वारा लागू द्या. फ्रीजमध्ये ठेवू नका. पेंढ्यात किंवा जुन्या सुती कापडावर, देठ खाली करून, एकावर एक न रचता ठेवा. रोज एकदा बघा. साल हिरवी होती ती पिवळी झाली आणि खोलीत शिरल्याबरोबर वास आला की समजा झाला. देठाजवळ हलकं दाबून बघा, मधोमध दाबू नका, फळ दुखावतं. खायच्या आधी तासभर पाण्यात ठेवा. सालीवर सुरकुती आली तर घाबरू नका, तो सर्वांत गोड असतो.’

मामाला चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा तो थक्क झाला. “अगो, लोकांका आंबो खावक शिकवचो लागता?” त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती, वाईट वाटलं होतं त्याला. ज्याला अढी म्हणजे काय ठाऊक नाही असा माणूस आपला आंबा खातो, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्यानंच एक ओळ सुचवली. ‘आंबा कापला की कोय टाकू नका, चोखा.’ ती ओळ आजही चिठ्ठीत शेवटी आहे.

त्या एका कागदानं जे झालं ते कुठल्याही जाहिरातीनं झालं नसतं. आंब्यात कणाचाही फरक नव्हता, तरी तक्रारी थांबल्या. लोक चिठ्ठी फ्रीजच्या दारावर लावू लागले. एका घरी मी स्वतः पाहिलं, दहा-अकरा वर्षांची मुलगी रोज शाळेतून आल्यावर अढी तपासायची, आजीसारखी अंगठा टेकवून. तिच्या आईनं सांगितलं, “तिच्याशिवाय कोणी आंबा काढायचा नाही, असा नियम आहे आता.” त्या घरात आंब्याला जी किंमत आली ती माझ्या पावतीवर कुठंच लिहिलेली नव्हती.

दुसरा बदल पेटीचा. लाकडी पेटी जाऊन एक आणि दोन डझनांचे पुठ्ठ्याचे, भोकं असलेले खोके आले. यात आम्ही काही नवं केलं नाही, कोकणात कितीतरी बागायतदार आधीच तसं करत होते. पण सत्तरीतल्या त्या जोडप्यासाठी मामानं एक युक्ती काढली आणि ती मात्र सर्वस्वी त्याची. त्यानं एका डझनात तीन वेगवेगळ्या दिवशी उतरवलेली फळं भरली. चार आंबे दोन दिवसांत होणारे, चार पाच-सहा दिवसांनी आणि चार त्यापुढं. मधे कागदाच्या पट्ट्या घालून पेनानं लिहिलं: आधी, मग, शेवटी. ते आजोबा बारा दिवस रोज एक आंबा खात होते, दोघांत अर्धा-अर्धा. त्यानंतर दरवर्षी मार्चमध्येच त्यांचा फोन यायचा. आधी-मग-शेवटीची पेटी आमच्यासाठी राखून ठेव, म्हणायचे. गेल्या वर्षी आजोबा गेले. आजींनी यंदाही मागवली, म्हणाल्या, “सहाच पाठव, पण तशाच भरून दे.”

मी वाणिज्य शाखेची. योग्य वस्तू योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य रूपात मिळाली की तिची उपयुक्तता वाढते, हे वाक्य आम्ही परीक्षेला पाठ केलं होतं. त्याचा अर्थ मला त्या कागदाच्या पट्ट्यांवर कळला.

तिसरी गोष्ट साक्याची. हापूस खाणाऱ्या प्रत्येकानं हे दुःख भोगलेलं आहे. बाहेरून सोन्यासारखं फळ, वास अप्रतिम आणि कापावं तर आत कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. बाहेरून काहीही कळत नाही. पिकवणाऱ्यालाही नाही, विकणाऱ्यालाही नाही. गरम जमिनीची धग, उतरवल्यावर उन्हात राहणं, अशी कारणं सांगतात आणि त्याप्रमाणे काळजी घेता येते, पण शंभर टक्के खात्री कोणीच देऊ शकत नाही. मग गिऱ्हाइकानं पैसे कशावर टाकायचे? आम्ही चिठ्ठीच्या मागं लिहिलं: ‘साका निघाला तर कापलेल्या आंब्याचा फोटो पाठवा, त्याबदली पुढच्या खेपेला आंबा मिळेल.’ मामा घाबरला होता, लोक लुबाडतील म्हणून. एक बाई पहिल्या वर्षी फोटो पाठवून वर लिहितात, ‘एकच निघाला, राहू द्या, फक्त कळावं म्हणून पाठवला.’ असे निरोप मी मामाला वाचून दाखवते. पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला जे कधीच लिहिलेलं नव्हतं, ते हेच.

बरं, साका न निघणारा आंबा नाही असं नाही. दापोलीच्याच विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, १९८१ साली. फळ मोठं, गोड आणि साका नाही. आमच्या बागेत त्याची दोन कलमं आहेत. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं खपून जी अडचण सोडवली, त्या रत्नाला पुण्यात कोणी नावानं मागत नाही. लोकांना तो माहीतच नाही. माझ्या मते विद्यापीठाचं काम कमी पडलं नाही, पुढची वाट बांधणारं कोणी भेटलं नाही. मी दोन वर्षं प्रत्येक पेटीत एक रत्ना घालून बघितला, ‘हा वेगळा आहे, खाऊन सांगा’ असं लिहून. आता नऊ घरं फक्त रत्नाच मागतात. नऊच, पण मामानं यंदा तिसरं कलम लावलं.

गोव्यात याच्या उलट आहे. तिथं मानकुराद हा आंब्यांचा राजा, हंगामाच्या सुरुवातीला डझनाचा भाव ऐकून बाहेरच्या माणसाचे डोळे पांढरे व्हावेत. नाव आलं ‘वाईट रंगाचा’ अशा अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून, पण गोंयकाराच्या जिभेला रंगाशी देणंघेणं नाही. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी सावंतवाडी ओलांडली की त्याची ओळख विरळ होत जाते. उलट ज्या आफोन्सोच्या नावावरून हापूस झाला त्या पोर्तुगीज सरदाराचा आज कोणाला पत्ता नाही, नाव मात्र जगभर फिरलं. एखाद्या फळाचं मोल त्याच्या रसाइतकंच त्याला ओळखणाऱ्या माणसांत असतं. ओळख करून द्यायला कोणी लागतं.

आणि ओळख खोटी करून दिली की काय होतं, तेही मी भोगलं आहे. पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी रस्त्याच्या कडेच्या एका हातगाडीवरून मी ‘देवगड’ छापलेली पेटी घेतली होती. देवगडच्या आंब्यावर वाढलेली मी! वरच्या थराला चार फळं बरी, खाली कर्नाटकातला आंबा. साल जाड, आतून फिकट पिवळा. तो आंबा वाईट नव्हता. कर्नाटकातल्या शेतकऱ्यानंही कष्टानंच पिकवलेला. त्याच्याच नावानं, त्याच्या भावानं विकला असता तर मी आनंदानं खाल्ला असता. पण त्या एका खोट्या खोक्यानं दोघांची किंमत घालवली. त्याला त्याचं नाव मिळालं नाही आणि माझ्या मामाच्या नावावर डाग पडला. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिकवलेल्या आंब्याचंही तसंच. रंग एका रात्रीत येतो, आत चव नाही, शिवाय त्या पुडीत आर्सेनिक-फॉस्फरसचा अंश असू शकतो म्हणून कायद्यानं ती बंद आहे. सालीचा पिवळा रंग हे आंब्यानं दिलेलं वचन असतं. कार्बाइड ते वचन खोटं पाडतं. म्हणून मला राग येतो. फसवणुकीला मार्केटिंग म्हणण्याची सवय पडली म्हणून माझी आजी आयुष्यभर बोलणाऱ्यांवर रागावली आणि गहू पिकवणारे गप्प बसले.

२०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदणी केलेल्या बागायतदारालाच ते नाव लावता येतं. मामानं नोंदणी केली तेव्हा प्रमाणपत्र देवघराशेजारी टांगलं. सातबारा कपाटात असतो, हे भिंतीवर आहे. आता खोक्यावर छोटी चौकोनी खूण असते, मोबाइल धरला की बाग दिसते. खूण नकली करणारेही निघतील. पण निदान विचारायला जागा झाली. कोणाचा आंबा, या प्रश्नाला पूर्वी उत्तरच नव्हतं.

परदेशात तर हा प्रश्न पहिल्यांदा विचारतात. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघानं खेपांमध्ये फळमाशी सापडली म्हणून भारतीय आंब्यावर बंदी घातली. ती पुढच्या वर्षी उठली, पण ४८ अंश गरम पाण्यात तासभर आंबा बुडवून काढण्यासारख्या प्रक्रिया अंगवळणी पडल्या. अमेरिकेचं दार २००७ साली उघडलं, तेही विकिरण करून, म्हणजे फळावर किरणांचा मारा करून. त्यासाठी कोकणातला आंबा कांद्याच्या लासलगावला जायचा, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विकिरण प्रकल्पात. न्यू जर्सीतली माझी मावसबहीण एका डझनासाठी देते ते पैसे ऐकून मामी देवासमोर हात जोडते. बहीण म्हणते, “मी आंब्याचे नाही देत गं, मे महिन्याचे देते.”

गेल्या मे महिन्यात मी आजोळी गेले होते. रात्री वारा सुटला, पत्र्यावर धपाधप झालं आणि सकाळी अंगणात नेहमीचा सडा. मामा टोपली घेऊन निघाला तशी मी त्याला थांबवलं.

“रायवळाक कोण इचारता?” तो म्हणाला.

खरंच कोणी विचारत नव्हतं. प्रत्येक घराच्या रायवळाला नाव असतं, शेपूच्या वासाचा तो शेप्या, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या. पण ती नावं घराच्या गडग्याबाहेर जात नाहीत. असा आंबा ट्रकमध्ये टिकत नाही, पेटीत शोभत नाही, कापून खाता येत नाही. त्याला तसाच्या तसा पुण्याला नेणं शक्य नव्हतं. मामी मात्र पूर्वीपासून त्याच रसाचं साठं घालते. घरापुरतं, दोन ताटं.

आम्ही त्या दिवशी सहा टोपल्या आंबे धुतले, पिळले, चाळणीतून गाळले. धागे वर राहिले, खाली गर्द केशरी रस. ताटांना तुपाचा हात फिरवून रसाचा पातळ थर दिला आणि माडीवरच्या उन्हात ठेवलं, वर पातळ धोतर ताणून. संध्याकाळी थर सुकला की दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा. सहा दिवस मामी आणि मी आळीपाळीनं राखण केली. मळभ आलं की ताटं आत, ऊन पडलं की बाहेर. सातव्या दिवशी कडेनं सुरी फिरवून साठं उचललं. उजेडासमोर धरलं तर आरपार दिसत होतं, तपकिरी काचेसारखं. एक तुकडा तोंडात ठेवला आणि विहिरीच्या काठावरची बादली, मोजलेल्या कोयी, सगळं जिभेवर आलं.

पट्ट्या कापून, केळीच्या सुकलेल्या पानात गुंडाळून ४० पुड्या झाल्या. मी चिठ्ठ्या लिहायला बसले. ‘जुन्या रायवळ झाडाचा रस, थोडी साखर, बाकी काही नाही. हळूहळू चघळा. दुधात विरघळवली तरी छान लागते.’ मामी पुड्या दोऱ्यानं बांधत होती. एक पुडी हातात धरून तिनं विचारलं, “हेच्यार नाव काय लिवचां?”

मी आंबापोळी म्हणाले. मग रायवळ साठं. दोन्ही तिला पसंत पडेनात.

मामा खळ्यात पाठमोरा बसून रिकाम्या टोपल्या धुवत होता. मान न वळवताच तो म्हणाला, “बांयवयलो साखऱ्यो. तांच नाव त्येचा, तांच लिव.”

मी पेन उघडलं.